टेबलाच्या पोटातून बॉल परत आणताना

बॉल पॉकेटमध्ये, म्हणजे टेबलाच्या कडेच्या भोकात, पडला की खेळणाऱ्याचं लक्ष पुढच्या बॉलकडे जातं. माझं पडलेल्या बॉलकडेच राहतं. सतराव्या वर्षी पुण्यात कॅम्पातल्या एका क्लबात मार्कर म्हणून लागलो, तेव्हापासूनची ही सवय. मार्कर म्हणजे बिलियर्ड्सच्या खोलीत गुण सांगणारा, लांबच्या शॉटला रेस्ट, म्हणजे खेळायची काठी टेकवायचा दांडा, हातात देणारा आणि पडलेले बॉल काढून परत जागेवर ठेवणारा माणूस. बिलियर्ड्सला टेबलावर बॉल तीनच, पण लाल पडला की दर वेळी काढून ठिपक्यावर ठेवावा लागतो. चांगल्या खेळाडूचा हात बसला आणि तो लागोपाठ लाल पाडायला लागला की मार्करचे पाय थांबत नाहीत. आमच्यातले म्हातारे मार्कर विल्सन जोन्सच्या गोष्टी सांगायचे. पुण्यात जन्मलेला हा माणूस १९५८ साली कलकत्त्यात हौशी बिलियर्ड्सचा जगज्जेता झाला. ते सांगता सांगता आम्हाला बजावायचे, खेळाडूने मान वर करायच्या आत बॉल ठिपक्यावर बसलेला पाहिजे, आणि तो ठेवल्याचा आवाज त्याला ऐकू येता कामा नये.

आता गेली बरीच वर्षं मी पूलची, म्हणजे पंधरा रंगीत बॉल आणि एक पांढरा अशा खेळाची, टेबलं बसवतो आणि दुरुस्त करतो. पार्लर, सोसायट्यांची क्लबहाउस, मुलांची हॉस्टेल, कोकणातली रिसॉर्ट. फोन येतो तो बहुतेक वेळा एकाच वाक्याने सुरू होतो, "बॉल आत अडकलाय." आणि मी पोचेपर्यंत कुणीतरी टेबल एका बाजूने उचलून हलवलेलं असतं. ते होऊ नये म्हणून हे सगळं लिहितोय.

आधी टेबलाखाली वाकून बघा. प्रत्येक पॉकेटखाली जाळी किंवा चामड्याची पिशवी लोंबत असेल, तर तुमचं टेबल हाताने रिकामं करायचं आहे. पॉकेटच्या तळाला भोक असून त्यातून उताराची वाट निघालेली दिसत असेल, तर बॉल आपोआप एका पेटीत येऊन जमणार. ही वाट कुठे प्लास्टिकची असते, कुठे रबर चढवलेल्या तारांची, कुठे प्लायवूडची. कारागीर तिला चॅनेल म्हणतात. मी पन्हळ म्हणतो, कारण काम कौलारू घराच्या पन्हळीचंच आहे, वरून पडेल ते उताराने एका जागी आणायचं. तिसरी जात नाणं टाकून चालणाऱ्या टेबलांची. त्यांचं गणित निराळं, ते पुढे येईल.

स्नूकरच्या मोठ्या टेबलावर आणखी एक पद्धत असते. जाळीच्या तळातून चामडं चढवलेल्या पितळी दांड्या बाहेर येतात आणि पडलेला बॉल घरंगळून त्यांच्यावर टेकतो. कुठला बॉल पडला ते दिसतं, उचलायला वाकावं लागत नाही, आणि जाळीचं तोंड पुढच्या बॉलसाठी मोकळं राहतं. बॉल परत देण्याची याहून चांगली रचना मी पाहिलेली नाही.

हाताने काढायचे असतील तर

जाळीच्या टेबलावर सगळ्यात मोठी चूक म्हणजे पॉकेट भरू देणं. पूलचा बॉल ५७.१५ मिलिमीटरचा, म्हणजे सव्वादोन इंच, आणि वजनाला १५६ ते १७० ग्रॅम. असे चार-पाच एकाच जाळीत गेले की वरचा बॉल पॉकेटच्या तोंडाशी येऊन बसतो. मग जोरात आलेला बॉल त्यावर आपटून उलटा टेबलावर येतो. स्पर्धेचा नियम अशा वेळी सरळ आहे, पॉकेटमधून उसळून परत टेबलावर आलेला बॉल पडलेला धरत नाहीत. त्याहून कडक नियम पांढऱ्याचा, म्हणजे ज्याला काठीने मारतात त्या बॉलचा. पांढरा आधीच पडलेल्या बॉलला शिवला तरी तो पॉकेटमध्ये गेला असं धरतात, मग तो उसळून बाहेर येवो नाही तर न येवो. भरलेली पॉकेट रिकामी करणं पंचाचं काम, पण ती रिकामी झाली की नाही हे बघण्याची जबाबदारी शॉट मारणाऱ्याची. म्हणून ज्या पॉकेटवर नेम धरताय त्याच्यात मारायच्या आधी एकदा डोकावा. दोन बॉल दिसले की काढा. काढलेले लांबच्या रिकाम्या पॉकेटमध्ये सोडा किंवा भिंतीवरच्या फळीवर ठेवा. खुर्चीवर, खिडकीच्या कट्ट्यावर ठेवू नका. फरशीवर पडून टवका उडालेला बॉल पुन्हा सरळ धावत नाही, आणि तो टवका पुढे प्रत्येक शॉटला कापड ओरबाडत राहतो.

काढण्याचीही एक रीत आहे. वरून बोटं खुपसून, नखं लावून बॉल ओढला की जाळीची गाठ सैल होते आणि पिशवीच्या तोंडाची शिवण उसवते. एक हात खालून जाळीला लावा. तळव्याने बॉल वर ढकला, तोंडाशी आला की दुसऱ्या हाताने धरा. लहान मुलांनाही हेच शिकवा, त्यांना ते पटकन जमतं.

मग तो टेबलावर टाकायचा नाही, टेकवायचा. कापडाच्या खाली स्लेट असते, म्हणजे दगड. मूठभर उंचीवरून सोडलेला बॉल आणि दगड यांच्यामध्ये कापडाचे धागे चेचले जातात. जिथे रोज रॅक लागतो, म्हणजे डावाआधी पंधरा बॉल त्रिकोणी चौकटीत मांडतात, त्या जागी कापडावर तिरपा उजेड पाडून बघा, बारीक चकाकणारे ठिपके दिसतील. टाकलेल्या बॉलचेही त्यात असतात. हाताची पाठ कापडाला लागेल इतकं खाली जा, बॉल सोडा आणि त्रिकोण लावायच्या टोकाकडे हलकेच ढकला.

डाव संपल्यावर गोळा करताना फेरी ठरवून घ्या. त्रिकोण लावायच्या टोकाच्या डाव्या कोपऱ्यापासून निघायचं, त्याच बाजूचं मधलं, मग पलीकडचे दोन्ही कोपरे, मग उजवीकडचं मधलं, आणि शेवटी उजवा कोपरा. सहा पॉकेट झाली की तुम्ही जिथे रॅक लावायचाय तिथेच उभे असता. हातात घेऊन बॉल मोजायची गरज नाही, त्रिकोणच मोजून देतो. एक, दोन, तीन, चार, पाच अशा ओळी भरल्या की पंधरा झाले. एक जागा रिकामी राहिली तर कुठल्यातरी जाळीच्या कोपऱ्यात एक बसलाय. आठ नंबर तिसऱ्या ओळीच्या मधोमध, मागच्या एका कोपऱ्यात भरीव रंगाचा आणि दुसऱ्यात पट्ट्याचा, एवढं झालं की रॅक तयार.

पन्हळीचं टेबल

इथे मात्र सावकाश वाचा.

पन्हळीला कुठलं इंजिन नाही, बॉल स्वतःच्या वजनानेच येतो. त्यामुळे तीनच गोष्टी बिघडू शकतात, उतार, वाट आणि सांधा. मी पन्हळ बसवताना मीटरला दोन सेंटिमीटरच्या खाली उतार ठेवत नाही आणि तीनच्या वर जात नाही. कमी ठेवला तर बॉल धुळीला अडतो, जास्त ठेवला तर पेटीत जाऊन आदळतो. पण पन्हळ टेबलाला बांधलेली असते, म्हणून टेबल कललं की तिचा उतारही बदलतो. बॉल एका बाजूने येत नसेल तर पन्हळीला हात लावायच्या आधी स्लेटवर लेव्हल ठेवा. लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर. पायाखाली पाचर घालून टेबल समपातळीत आलं की पुष्कळदा तक्रार तिथेच मिटते आणि कुणाला काही उघडावं लागत नाही.

लेव्हल ठीक असेल तर कान वापरा. खोलीतले पंखे बंद करा, एक बॉल घ्या, एकेका पॉकेटमध्ये अलगद सोडा आणि डोळे मिटून ऐका. आधी पॉकेटच्या तळाच्या रबरावर धप्प. मग घरंगळण्याचा सलग आवाज. मग पेटीत खट्ट. मोबाइलवर वेळ लावा आणि सहाही पॉकेटची वेळ कागदावर लिहा. लांबच्या पॉकेटला जास्त लागणारच, पण समोरासमोरच्या जोडीत फारसा फरक नको. डाव्या कोपऱ्याचा बॉल उजव्यापेक्षा रेंगाळून येत असेल तर दोष डाव्या पन्हळीत आहे हे तुम्हाला टेबलाखाली न शिरताच कळलं. मधेच खर्र ऐकू आलं तर तिथे धूळ साचली आहे. मधेच टक् झालं तर तिथे सांधा वर आला आहे. आवाज मंदावत मंदावत थांबला तर तिथे काहीतरी आडवं पडलंय. हा कागद टेबलाच्या खालच्या बाजूला चिकटवून ठेवा. सहा महिन्यांनी पुन्हा तपासाल तेव्हा त्याचा उपयोग होईल.

धूळ म्हणजे काय असते ते सांगतो. एका हॉस्टेलच्या टेबलातून मी जूनमध्ये, कॉलेज उघडायच्या आधी, मधल्या पॉकेटची पन्हळ साफ केली. पाइपाच्या टोकाला बांधलेलं फडकं बाहेर आलं त्याच्यापुढे निळसर राखाडी रंगाचा एक पट्टा गुंडाळत आला, बोटभर जाड. खेळायच्या काठीच्या टोकाला लावतात त्या खडूची पूड आणि कापडाचे तंतू दोन वर्षं बॉलखाली दाबून दाबून घोंगडीसारखे घट्ट झाले होते. तो पट्टा चिमटीत धरून उचलता येत होता. त्यात रुतलेला अर्धा खडू, एक केसांची पिन, शेंगांची टरफलं आणि एक रुपयाचं नाणं. पन्हळीत बॉलचा वेग इतका कमी असतो की एका टरफलानेही तो थांबतो. टेबलाजवळ खाणं नको असं मी सांगतो ते या कारणाने. कापडावरचा डाग निघतो, पोटात गेलेलं टरफल दिसत नाही.

साफ करायला व्हॅक्यूम क्लीनरचं निमुळतं तोंड पेटीच्या बाजूने लावा. पुढचं काम वीजवाले वायर ओढायला वापरतात त्या अर्ध्या इंची पीव्हीसी पाइपाचं. टोकाला सुती फडकं घट्ट बांधा आणि पॉकेटच्या बाजूने घालून पेटीच्या दिशेने ढकला, म्हणजे कचरा उताराने बाहेर जातो. लोखंडी सळई घालू नका, पन्हळीला चरे पडतात आणि प्रत्येक चऱ्यात पुन्हा खडू धरतो. तेल, ग्रीस, टाल्कम पावडर यातलं काहीही लावू नका. तेलात खडू कालवला जाऊन लगदा होतो, तो बॉलला लागतो, बॉल तो कापडावर नेतो, आणि मग तुम्ही कापड बदलायचा खर्च विचारायला फोन करता.

दोन बॉल एकदम अडकले असतील तर ते बहुधा मधल्या पॉकेटची वाट मुख्य वाटेला मिळते तिथे. दोन बाजूंनी दोघं एकाच वेळी आले आणि एकमेकांना खांदा लावून बसले. सगळे पुढे ढकलतात, त्याने ते आणखी घट्ट बसतात. पाइप पेटीच्या बाजूने आत घाला आणि त्यातला एक उलटा, चढाच्या दिशेने, जरासा मागे लोटा. दुसरा लगेच सुटतो आणि मागून पहिलाही येतो.

टेबल उचलून हलवू नका. स्लेटचं आठ फुटी टेबल दोघा-चौघांनी एका बाजूने उचलायची वस्तू नाही. मोठ्या टेबलांची स्लेट बहुधा तीन तुकड्यांची असते, तुकडे समपातळीत आणून सांधे मेणाने भरलेले असतात. एका बाजूने उचललं की वजन सांध्यांवर येतं, मेण तडकतं, आणि कापडाखाली एक बारीक रेघ उठते. हळू जाणारा प्रत्येक बॉल त्या रेघेवर वळतो. अडकलेला बॉल काढायला मला अर्धा तास लागतो. ती रेघ घालवायला कापड काढून अख्खा दिवस.

सांध्याचं कौलांवरून लक्षात ठेवा. पन्हळीचे तुकडे एकमेकांवर चढवलेले असतात आणि वरच्या तुकड्याचं टोक नेहमी खालच्या तुकड्याच्या वर बसलं पाहिजे, जसं वरचं कौल खालच्या कौलावर बसतं. उलटं बसलं तर बॉल प्रत्येक वेळी त्या कडेवर ठेचकाळतो. घर बदलताना टेबल सुटं करून पुन्हा जोडलं की ही चूक हमखास होते, म्हणून सोडवायच्या आधी खालून फोटो काढा. स्क्रू सैल होऊन तुकडा लोंबला असेल तर नवीन स्क्रू थोडा जाड घ्या, जुन्याच भोकात जुनाच घट्ट केला तर महिन्याभरात परत लोंबतो.

किनाऱ्याजवळच्या टेबलांची वेगळीच कथा. पावसाळ्यात प्लायवूडची पन्हळ फुगते आणि वाट अरुंद होते. बॉल अडकत नाही, पण दोन्ही कडांना घासत येतो आणि ऐकायला तो आवाज खरखरीत लागतो. पावसात तासून उपयोग नाही, कारण ओलं लाकूड तासलं तर उन्हाळ्यात वाट रुंद होऊन बसते. दिवाळीपर्यंत थांबा, लाकूड वाळू द्या, मग पॉलिश पेपर मारून व्हार्निशचे दोन हात द्या, आतून आणि बाहेरूनही. पुढच्या पावसाळ्यात फुगवटा निम्म्यावर येतो.

आवाजाचा प्रश्न सोसायटीत हमखास येतो. क्लबहाउसच्या खालच्या मजल्यावर कुणी राहत असेल तर रात्री अकराला पन्हळीतला गडगडाट त्यांच्या छतातून उतरतो, आणि त्यांची तक्रार रास्त असते. बॉल तीन जागी आदळतो, पॉकेटच्या तळाशी, वळणावर आणि पेटीच्या भिंतीवर. तिथलं मूळ रबर झिजून गुळगुळीत होतं किंवा चक्क गळून पडलेलं असतं. सायकलच्या जुन्या ट्यूबची तळहाताएवढी पट्टी कापा, दोन्ही बाजू पॉलिश पेपरने खरवडा, पंक्चरवाल्याकडचं सोल्युशन दोन्हीकडे लावून सुकू द्या आणि मग चिकटवा. घाई केली, ओलंच चिकटवलं तर आठवड्यात सुटून तीच पट्टी पन्हळीत आडवी पडते. पेटीच्या तळाला गालिच्याचा तुकडा घाला. बॉलचं आयुष्यही त्याने वाढतं, विशेषतः स्वस्तातल्या पॉलिएस्टरच्या बॉलचं, कारण ते एकमेकांवर आपटून लवकर टिचतात. फेनॉलिक रेझिनचे जास्त सोसतात, पण तेही कोरड्या लाकडावर रोज आपटावेत असं मला वाटत नाही.

पांढऱ्याची वेगळी वाट

नाण्याच्या टेबलावर पडलेले रंगीत बॉल आत कोंडून राहतात, पुढचं नाणं पडेपर्यंत. पांढरा मात्र पडला तरी लगेच परत द्यावा लागतो, नाहीतर डावच थांबेल. म्हणजे टेबलाला पांढरा ओळखता आला पाहिजे. त्याच्या दोन-तीन युक्त्या आहेत. एकात पांढरा मुद्दाम मोठा, सुमारे ६० मिलिमीटरचा असतो; लहान बॉल वाटेतल्या फटीतून खाली जातात आणि मोठा वरून पुढे निघून जातो. इंग्लंडमधल्या पबच्या टेबलांवर उलट, रंगीत दोन इंचाचे आणि पांढरा त्याहून लहान, पावणेदोन इंचाच्या थोडा वर. तिसऱ्यात पांढऱ्याच्या आत लोखंडाचा अंश असतो आणि वाटेतला लोहचुंबक त्याला आपल्या बाजूला ओढून वेगळ्या पन्हळीत घालतो.

कोकणातल्या एका रिसॉर्टवरून मला बोलावणं आलं, पांढरा पडला की परत येत नाही म्हणून. मी पुण्याहून सगळी हत्यारं घेऊन गेलो, पन्हळ उघडली, सांधे तपासले, लेव्हल लावली. सगळं ठणठणीत. दुपारी जेवताना तिथल्या पोऱ्याने सहज सांगितलं, "जुना पांढरा पिवळा पडलेला म्हणून शेठनी नवा आणलाय." नवा बॉल लोहचुंबकाजवळ धरला तर ढिम्म. जुना शोधून आणला, तो टक्कन चिकटला. चार तास मी जे टेबल उघडून बसलो होतो त्यात काही दोषच नव्हता. त्या दिवसापासून असल्या टेबलावर मी पहिली गोष्ट विचारतो ती ही, की पांढरा बदललाय का. तुम्हीही नवा घेताना जुना खिशात घालून दुकानात जा, माप आणि लोहचुंबक दोन्ही लावून बघा. आणि जुना पिवळा दिसतो म्हणून टाकू नका. कोमट पाणी, थोडा साबण, मऊ फडक्याने पूर्ण कोरडा केला की बहुतेक पांढरे परत पांढरे होतात. बाकीचे पंधराही महिन्यातून एकदा असेच धुवा, कारण पन्हळीतला खडू आधी त्यांच्याच अंगावर असतो.

काम झालं की एक चाचणी करतो. सोळाही बॉल घेऊन सगळ्यात लांबच्या पॉकेटपाशी उभं राहायचं आणि एकामागून एक, थांबा न घेता, आत सोडायचे. मग दुसऱ्या लांबच्या पॉकेटमधून. मग दोन माणसांनी दोन्हीकडून एकदम, आठ-आठ. एकेकटा बॉल कुठूनही येतो, घोळक्याने आले तरच सांधा आणि मिळणीची जागा खरी कळते. पेटीत हात घालून मोजा. पंधरा त्रिकोणात बसले आणि पांढरा हातात राहिला, की कापडावर ब्रश फिरवा, त्रिकोण उचला आणि पहिल्या शॉटने फोडायला द्या.